रिपोर्ट नॉर्मल, क्लेम नामंजूर

'सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत' एवढं एक वाक्य कानावर पडावं म्हणून माणसं हॉस्पिटलच्या बाकड्यावर देव पाण्यात ठेवून बसतात. पण तेच वाक्य मेडिक्लेमच्या फाइलमध्ये शिरलं की त्याच्यामुळे वेगळंच दुखणं उभं राहतं. विमा कंपनीच्या टेबलावर हिशेब मांडला जातो तो असा: काही निघालं नाही, म्हणजे उपचारही फारसे झाले नाहीत, उपचार झाले नाहीत, म्हणजे पेशंटला नुसत्या तपासण्यांसाठी भरती केलं होतं, आणि नुसत्या तपासण्यांचे पैसे पॉलिसीत बसत नाहीत. पेशंट ठणठणीत घरी येतो आणि बिल मात्र त्याच्याच गळ्यात पडतं.

समजा, पन्नाशीच्या एका गृहस्थांच्या छातीत रात्री अकरा वाजता दुखायला लागलं. दरदरून घाम फुटला, डावा हात जड झाला. घरच्यांनी गाडीत घालून कॅज्युअल्टीत नेलं. ईसीजी निघाला, रक्तातलं ट्रोपोनिन तपासलं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन; स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. पण ते वाढायला काही तास जावे लागतात. म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टर घरी सोडत नाहीत. पेशंटला मॉनिटरवर ठेवतात, ठरावीक तासांनी तीच तपासणी पुन्हा करतात, सकाळी टू-डी एको करतात. या गृहस्थांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि दुसऱ्या रात्री त्यांना घरी सोडलं. यात डॉक्टरांचं काही चुकलं नाही, पेशंटचं तर नाहीच. तरीही महिन्याभरात पत्र येऊ शकतं: 'भरतीचा मुख्य हेतू तपासणी हा होता. सबब क्लेम देय नाही.'

असं पत्र हातात पडलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: 'अहो, तपासण्या आम्ही हौसेने केल्या का? डॉक्टरांनीच सांगितल्या होत्या!' हे म्हणणं शंभर टक्के खरं असतं. विम्याच्या नियमांत मात्र ते पुरेसं नसतं. का, ते समजून घेतलं तर पुढची लढाई कुठे लढायची हेही कळतं.

कलम चौथं

भारतात मेडिक्लेम आला १९८६ साली, चार सरकारी विमा कंपन्यांमार्फत. त्याचा पायाच मुळी हॉस्पिटलातल्या भरतीवर होता. वर्षाकाठी थोड्याच लोकांवर येणारा मोठा खर्च सगळ्यांच्या हप्त्यांतून भागवायचा, हे त्यामागचं गणित. सर्दीतापाची औषधं, रक्ताच्या तपासण्या, गुडघ्याचा एक्स-रे हे घरोघरी होणारे खर्च त्यात धरले असते तर हप्ता परवडला नसता आणि छोट्या छोट्या बिलांची छाननी करण्यातच कंपन्यांचे लोक गुंतून पडले असते. म्हणून किमान २४ तासांची भरती ही अट आली. पुढे मोतीबिंदू, डायलिसिस, किमोथेरपी असे उपचार काही तासांत आटोपू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी 'डे-केअर'ची सोय झाली.

या रचनेत पळवाटही होती. एमआरआयचे पैसे ओपीडीत मिळत नाहीत ना? मग एक रात्र ॲडमिट होऊन करून घ्या! हा सल्ला किती गल्लीबोळांत दिला गेला असेल त्याची मोजदाद नाही. त्यावर बंदोबस्त म्हणून प्रत्येक कंपनीने आपापल्या भाषेत एक कलम घातलं. विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये अशा सगळ्या वगळणुकींची भाषा एकसारखी केली आणि त्यांना क्रमांक दिले. आज कुठल्याही कंपनीची पॉलिसी उघडा, 'एक्सक्ल ०४' या सांकेतिक नावाखाली हे कलम सापडतं. त्याचे दोन भाग आहेत. पहिला: जी भरती मुख्यतः केवळ निदान आणि तपासणीसाठी आहे तिचा खर्च मिळणार नाही. दुसरा: चालू निदानाशी आणि उपचारांशी ज्यांचा संबंध नाही अशा तपासण्यांचा खर्च मिळणार नाही.

पहिल्या भागातला 'मुख्यतः केवळ' हा शब्दप्रयोग महत्त्वाचा. भरती झाल्यावर तपासण्या झाल्या म्हणून क्लेम जात नाही. तपासण्या सोडून भरतीला दुसरं काही कारणच नव्हतं, असं कंपनीला म्हणता आलं तर जातो. छातीत दुखणाऱ्या गृहस्थांना रात्रभर मॉनिटरवर ठेवलं ते देखरेखीसाठी. शिरेतून औषधं दिली, ऑक्सिजन लावला, दर तासाला रक्तदाब पाहिला, हे सगळं तपासणीच्या पलीकडचं आहे. हे कागदावर दिसलं पाहिजे.

दुसरा भाग संपूर्ण क्लेम फेटाळत नाही, पण बिलाला कात्री लावतो. डेंग्यूसाठी भरती झालेल्या पेशंटच्या बिलात रोजच्या प्लेटलेट्स, यकृताच्या तपासण्या, पोटाची सोनोग्राफी असेल तर ती उपचाराशी जोडता येते. त्याच बिलात ड जीवनसत्त्व आणि थायरॉइडची तपासणी दिसली की टीपीएचा, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेचा, डॉक्टर त्यावर रेघ ओढतो. 'आलाच आहात तर हेही बघून घेऊ' अशी सहज केलेली तपासणी पेशंटच्या खिशातून जाते, आणि ती सांगताना हे कोणी बोललेलं नसतं.

याच कलमामुळे एकाच टेबलावर, एकाच नळीने केलेल्या कामाचं भवितव्य दोन तऱ्हांनी ठरतं. कोलोनोस्कोपीत डॉक्टरांनी आतडं नुसतं पाहिलं आणि नळी बाहेर काढली, तर ती झाली तपासणी. आत एखादा पॉलिप दिसला आणि तिथल्या तिथे कापून काढला, तर तो झाला उपचार. त्याच्यासाठी डे-केअरचा दावा करता येतो. अँजिओग्राफीचंही तसंच. तिच्या पाठोपाठ अँजिओप्लास्टी झाली तर प्रश्नच येत नाही. नुसतीच झाली आणि रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या, तर वादाला तोंड फुटतं. काही पॉलिसींच्या डे-केअर यादीत कॉरोनरी अँजिओग्राफीचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. ती यादी पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असते आणि क्लेम अडकेपर्यंत तिच्याकडे कोणी फिरकत नाही.

चार अटी

आता पेशंटच्या बाजूचं हत्यार. आयआरडीएआयने पॉलिसीतल्या व्याख्याही एकसारख्या केल्या आहेत. त्यांत 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार' याची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येत उपचार, औषधं, हॉस्पिटलातला मुक्काम यांच्या बरोबरीने 'तपासण्या' असाही स्पष्ट उल्लेख आहे. मात्र आवश्यक ठरण्यासाठी चार अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. आजाराच्या किंवा दुखापतीच्या वैद्यकीय व्यवस्थापनासाठी ती गोष्ट गरजेची हवी. जेवढी काळजी पुरेशी आहे त्याहून ती व्याप्तीने, कालावधीने किंवा तीव्रतेने जास्त नको. डॉक्टरांनी ती लिहून दिलेली हवी. आणि ती वैद्यकशास्त्रात मान्य असलेल्या पद्धतीला धरून हवी.

'डॉक्टरांनी सांगितलं होतं' हे उत्तर यातली एकच अट पुरी करतं. कंपन्यांचा रोख बहुतेक वेळा दुसऱ्या अटीवर असतो: एवढ्यासाठी ॲडमिट होण्याची गरज काय होती? नकाराच्या पत्रांत 'पेशंटची प्रकृती स्थिर होती', 'ॲक्टिव्ह लाइन ऑफ ट्रीटमेंट आढळली नाही', 'ओपीडी बेसिसवर होण्यासारखं होतं' अशी वाक्यं पुन्हा पुन्हा येतात, ती याच अटीतून. कोविडच्या काळात लक्षणं सौम्य होती, घरी राहून भागलं असतं, असं म्हणत अनेकांचे क्लेम परत पाठवले गेले, तेव्हाही युक्तिवाद हाच होता. म्हणून नकाराला उत्तर देताना डॉक्टरांच्या नावापेक्षा डॉक्टरांचं कारण पुढे करावं लागतं.

ते कारण कुठे सापडतं? डिस्चार्ज कार्डावर. बऱ्याचदा ते तिथे नसतं, हीच खरी अडचण.

डिस्चार्ज कार्ड लिहायचं काम रात्रपाळी करून थकलेल्या निवासी डॉक्टरकडे असतं. त्याच्यासमोर दहा फाइली पडलेल्या असतात. तो सवयीने लिहून टाकतो: 'छातीत दुखण्याच्या तक्रारीसाठी तपासणीकरिता भरती. सर्व तपासण्या नॉर्मल. प्रकृती स्थिर. घरी सोडले.' डॉक्टरच्या दृष्टीने यात काही वावगं नाही. पण 'तपासणीकरिता भरती' हे दोन शब्द कलम चौथ्याला आयतं कोलीत देतात. तीच हकीकत अशीही लिहिता येते: 'रात्री ११.४० वाजता छातीत तीव्र वेदना, घाम, डाव्या हातात कळ या लक्षणांसह आगमन. रक्तदाब १८०/११०. हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता गृहीत धरून अतिदक्षता विभागात दाखल. शिरेतून औषधे, सतत ईसीजी मॉनिटरिंग, ठरावीक अंतराने ट्रोपोनिन. २० तासांनंतर धोका नसल्याची खात्री झाल्यावर पुढील तपासण्या.' दोन्ही मजकूर खरेच आहेत. दुसऱ्यात डॉक्टरांनी त्या रात्री काय विचार केला तो दिसतो.

कार्ड हातात पडताच, हॉस्पिटलातून निघण्यापूर्वी ते वाचायला हवं. भरतीच्या वेळची लक्षणं, तेव्हाचा रक्तदाब, नाडी आणि ताप, दिलेली औषधं, तपासणीचं कारण, यांतलं काही राहून गेलं असेल तर डॉक्टरांना भरायला सांगण्यात गैर काही नाही. घडलेलं नसताना लिहून घेणं मात्र साफ वर्ज्य. परिचारिका दर काही तासांनी भरते तो तक्ता आणि इनडोअर केस पेपर कंपनीही मागवते. तिथे एक आणि कार्डावर दुसरंच असेल तर क्लेम तर जातोच, वर खोटेपणाचा ठपका बसतो.

तीस दिवस मागे, साठ दिवस पुढे

ओपीडीत केलेली तपासणी सरसकट वाया जाते असंही नाही. पुढे त्याच आजारासाठी भरती झाली, तर आधीच्या ठरावीक दिवसांतला खर्च पॉलिसी देते. २०२० साली सगळ्या कंपन्यांना सक्तीने आणायला लावलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत ही मुदत भरतीपूर्वी ३० दिवस आणि डिस्चार्जनंतर ६० दिवस अशी आहे. अनेक खासगी पॉलिसींत ती आधी ६० आणि नंतर ९० किंवा १८० दिवसांपर्यंत जाते.

दिवसांचा हा हिशेब कर्करोगासारख्या आजारात फार महत्त्वाचा ठरतो. गाठ लागली, सोनोग्राफी झाली, बायोप्सी झाली, तिचा रिपोर्ट आला, मग पेट स्कॅन, मग दुसऱ्या डॉक्टरचं मत, मग किमोथेरपीची तारीख. यात पाच-सहा आठवडे सहज निघून जातात. किमोथेरपी डे-केअरमध्ये बसते, त्यामुळे तिच्या आधीच्या ३० दिवसांतला पेट स्कॅन मिळतो, पण पस्तिसाव्या दिवशीची बायोप्सी मुदतीबाहेर पडते. तपासण्यांची बिलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिपोर्ट तारीखवार लावून ठेवले तर निदान जे मिळण्यासारखं आहे ते सुटत नाही. चिठ्ठीशिवाय केलेल्या तपासणीचं बिल सहसा नाकारलं जातं. लॅबवाल्याने 'चिठ्ठी नसली तरी चालेल' म्हटलं, तरी विम्याला ते चालत नाही.

तपासणीमुळे क्लेम अडकण्याची आणखी एक वाट आहे, ती मागच्या दाराने येते. भरती न्यूमोनियासाठी झालेली असते. सोबत एचबीए१सी तपासलं जातं आणि ते वाढलेलं निघतं. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते. झालं, कंपनी विचारते: मधुमेह जुना असणार, पॉलिसी घेताना का सांगितला नाही? त्यात ड्यूटीवरच्या डॉक्टरने नातेवाइकाला विचारून 'पाच वर्षांपासून बीपी' असं केस पेपरवर लिहिलेलं असलं की विषयच संपतो. भरतीच्या गडबडीत फॉर्म भरताना अंदाजपंचे उत्तरं देऊ नयेत ती यासाठी. या बाबतीत नियम आता काहीसे पेशंटच्या बाजूने झुकले आहेत. २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची केली आहे, आणि पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली असेल तर माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिलेला एक निकाल याच वाटेवरचा आहे. प्रवासी विमा घेऊन अमेरिकेला लग्नासाठी गेलेल्या एका गृहस्थांना सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरच अस्वस्थ वाटू लागलं, पुढे अँजिओप्लास्टी करावी लागली. मधुमेह त्यांनी आधी सांगितला होता, कंपनीने वैद्यकीय तपासणीही पाहिली होती. तरी खर्च देताना जुन्या आजाराचं कारण पुढे आलं. न्यायालयाने म्हटलं की प्रकृतीची माहिती घेऊन, जोखीम तोलून एकदा पॉलिसी दिल्यावर त्याच माहितीच्या आधारे क्लेम फेटाळता येणार नाही.

नकार आल्यावर

हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कवरून 'ॲप्रूव्हल आलं नाही' असा निरोप आला की घरच्यांचं अवसान गळतं. इथे एक फरक पक्का ध्यानात ठेवायचा: कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही. कॅशलेस ही फक्त पैसे देण्याची एक पद्धत. बिल स्वतः भरून, मूळ कागद घेऊन नंतर परताव्याचा दावा करता येतो आणि तिथे सगळा विचार नव्याने होतो. पुष्कळ लोक डेस्कवरच्या नकारानंतर पुढे काही करतच नाहीत.

२९ मे २०२४ रोजी आयआरडीएआयने आरोग्य विम्यासाठी एक मोठं परिपत्रक काढलं. त्यानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासाच्या आत निर्णय द्यायचा आहे. डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत, आणि उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. पण नकार मिळालेल्या पेशंटच्या कामाच्या दोन ओळी वेगळ्याच आहेत. एक, कंपनीच्या तीन सदस्यांच्या क्लेम आढावा समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही. दोन, फेटाळताना किंवा रक्कम कापताना पॉलिसीतल्या नेमक्या कलमाचा हवाला द्यावाच लागतो. 'नियमानुसार देय नाही' असं मोघम पत्र आलं तर पहिलं उत्तर हेच: कलम सांगा आणि समितीचा निर्णय कळवा.

कलम हाती आलं की कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहायचं. त्यात संताप, हप्ते किती वर्षं भरले याची उजळणी, वकिली धमकी यांचा उपयोग नसतो. 'आपण एक्सक्ल ०४ खाली क्लेम नाकारला. भरतीच्या वेळची स्थिती केस पेपरच्या पहिल्या पानावर आहे. शिरेतून दिलेल्या औषधांची नोंद चौथ्या पानावर आहे. भरती का आवश्यक होती याबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. पॉलिसीतील आवश्यक उपचाराच्या व्याख्येत तपासण्यांचा समावेश आहे' अशा चार-पाच वाक्यांत काम होतं. डॉक्टरांचं ते पत्र म्हणजे या फाइलचा कणा. 'तपासणी गरजेची होती' एवढ्यावर न थांबता, कोणती शक्यता नाकारायची होती आणि ती घरी ठेवून का नाकारता आली नसती, हे त्यात यायला हवं.

कंपनीने दाद दिली नाही तर नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. यामुळे कंपनीवर उत्तर देण्याचं दडपण येतं, पण निवाडा मिळत नाही. निवाडा देतो विमा लोकपाल. कंपनीने नकार कायम ठेवला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की त्यानंतर वर्षभरात त्याच्याकडे जाता येतं. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे घेतले जातात, सुनावणी व्हिडिओवरही होते. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत आहे. गोव्याच्या तक्रारीही पुण्याच्याच कार्यालयाकडे जातात. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, ग्राहकावर नसतो. ३० दिवसांत त्याची अंमलबजावणी झाली नाही तर कंपनीने तक्रारदाराला दिवसाला ५,००० रुपये द्यायचे, असंही २०२४ च्या परिपत्रकात आहे.

लोकपालानेही निराशा केली तर ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कोणत्या आयोगाकडे जायचं हे क्लेमच्या रकमेवर ठरत नाही, भरलेल्या हप्त्यावर ठरतं. त्यामुळे आरोग्य विम्याच्या बहुतेक तक्रारी जिल्हा आयोगातच बसतात आणि हप्ता ५ लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा लागत नाही. मात्र प्रकरण आयोगापुढे गेल्यावर लोकपालाचं दार बंद होतं, म्हणून क्रम उलटा करू नये.

भरतीचे तास मोजून क्लेम नाकारण्याला आयोगाने कसं उत्तर दिलं त्याचं एक उदाहरण वडोदऱ्याचं. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका गृहस्थांच्या पत्नीला डर्मॅटोमायोसायटिस या आजारासाठी अहमदाबादच्या हॉस्पिटलात दाखल केलं आणि दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं. बिल ४४,४६८ रुपये. पेशंट सलग २४ तास भरती नव्हती, असं सांगून कंपनीने ते नाकारलं. २०२३ च्या मार्चमध्ये ग्राहक आयोगाने पूर्ण रक्कम नऊ टक्के व्याजासह द्यायला लावली, वर मानसिक त्रास आणि खर्चापोटी काही हजार. नव्या तंत्रामुळे उपचारांना लागणारा वेळ कमी झाला आहे, आणि पेशंटला भरती करायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात, विमा कंपनी नव्हे, असं आयोगाचं म्हणणं पडलं. निकाल यायला सहा वर्षांहून अधिक काळ गेला, हेही विसरून चालणार नाही.

न्यायालयांनी ग्राहकाच्या हाती आणखी एक साधन दिलं आहे. नकाराच्या पत्रात जे कारण लिहिलं, त्याच कारणावर कंपनीला पुढे लढावं लागतं. आयत्या वेळी नवं कारण काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्सच्या खटल्यात २०१९ साली स्पष्ट केलं. तो खटला आरोग्य विम्याचा नव्हता, पण तत्त्व सगळ्या विम्यांना लागू पडतं. पत्रात 'ओपीडीत होण्यासारखं' एवढंच असेल आणि सुनावणीत अचानक 'जुना आजार' निघाला, तर हा निकाल दाखवायचा.

तिकडे आधीच नाही म्हणतात

मराठी घरांतल्या ज्या लेकीसुना अमेरिकेत आहेत त्यांची तऱ्हा वेगळी. तिथे ओपीडीतल्या तपासण्याही विम्यात येतात, पण एमआरआय, सीटी, पेट स्कॅन यांसारख्या महागड्या तपासण्यांना आधी परवानगी लागते. नकार येतो तो तपासणी होण्यापूर्वीच. 'आधी सहा आठवडे फिजिओथेरपी करून पाहा, मग पाठीचा एमआरआय बघू' हे तिथलं नेहमीचं उत्तर. तपासणी होत नाही तोवर निदान होत नाही, आणि दुखणं काही थांबून राहत नाही.

तिथे डॉक्टरला विमा कंपनीच्या डॉक्टरशी थेट फोनवर बोलता येतं आणि पुष्कळ प्रकरणं त्या एका फोनवर मिटतात. न मिटली तर कंपनीकडे अपील करायला १८० दिवस मिळतात, आणि तेही फेटाळलं तर बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडे जाता येतं. ज्येष्ठांच्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनांचे २०२३ चे आकडे केएफएफ या आरोग्य धोरणावर काम करणाऱ्या संस्थेने मांडले: पूर्वपरवानगीच्या जवळजवळ पाच कोटी अर्जांपैकी ३२ लाख पूर्ण किंवा अंशतः नाकारले गेले. नाकारलेल्यांपैकी अपील झालं जेमतेम पावणेबारा टक्क्यांचं. आणि अपील झालेल्यांपैकी ८१.७ टक्के प्रकरणांत कंपनीने आपला निर्णय पूर्णतः किंवा अंशतः फिरवला. २०२६ पासून अशा सरकारी पैशांवरच्या योजनांनी तातडीच्या अर्जावर ७२ तासांत आणि साध्या अर्जावर सात दिवसांत कारणासह उत्तर द्यायचं आहे.

भारतातले आकडे वेगळ्या तऱ्हेने मोजले जातात. आयआरडीएआयच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार त्या वर्षी आरोग्य विम्याचे १.१७ लाख कोटी रुपयांचे क्लेम दाखल झाले. त्यांतले ८३,४९३ कोटी दिले गेले, सुमारे १५,१०० कोटी पॉलिसीच्या अटींनुसार अमान्य झाले, आणि १०,९३७ कोटींचे क्लेम फेटाळले गेले. यात सगळ्या प्रकारचे नकार आले, तपासण्यांचे त्यांतलेच.

कुठे भांडू नये हेही माहीत असलेलं बरं. चालत्याबोलत्या माणसाने कंबरदुखीसाठी ओपीडीत एमआरआय केला, पुढे भरती झालीच नाही, आणि पॉलिसीत ओपीडीचा लाभ नाही, तर लोकपालाकडे जाऊनही फारसं काही हाती लागत नाही. कलम स्पष्ट आहे. तो एमआरआय क्लेममध्ये बसवण्यासाठी एक रात्र 'ॲडमिशन दाखवा' असं सुचवणारा माणूस पेशंटचं भलं करत नसतो, कारण खोटी भरती उघडकीला आली तर पॉलिसीच रद्द होऊ शकते. अशा खर्चासाठी ओपीडीचा वेगळा लाभ देणाऱ्या पॉलिसी मिळतात; हप्ता वाढतो आणि लाभावर वार्षिक मर्यादा असते, म्हणून घरात नियमित तपासण्या लागणारं कोणी असेल तरच त्या परवडतात. अनेक साध्या पॉलिसींतही वर्षातून किंवा काही वर्षांतून एकदा मोफत तपासणी मिळते, ती न वापरताच मुदत संपते. आणि प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत वजा होतात, रोख भरले असले तरी.

राहता राहिला कागदांचा प्रश्न. लोकपालाकडे जायला एक वर्ष, ग्राहक आयोगात दोन वर्षं मिळतात. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी भरती पेशंटच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात आणि मागणी केल्यावर ७२ तासांत प्रत द्यायची असते. म्हणून नकाराचं पत्र आलं की भांडणाचा मसुदा करण्याआधी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्यावा आणि संपूर्ण इनडोअर केस पेपरची प्रत मागावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. ईसीजीची पट्टी थर्मल कागदावर असते आणि काही महिन्यांत फिकी पडत जाते. तिची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढून ठेवावी.